हुमायूनच्या मकबऱ्याचं भूमिगत संग्रहालय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिल्लीला निघालेल्या मराठी मंडळींच्या यादीत लाल किल्ला, कुतुबमिनार आणि इंडिया गेट ठरलेले असतात. वेळ उरला तर हुमायूनचा मकबरा. त्याच्या दारात २०२४ पासून एक मोठं संग्रहालय उभं आहे, हे बऱ्याच जणांना तिकीट काढताना कळतं, आणि तोवर टॅक्सीवाल्याला पुढची वेळ देऊन झालेली असते. असं होऊ नये, म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

हे संग्रहालय नेमकं कुठे आहे आणि कुणी उभारलं?

दिल्लीच्या निजामुद्दीन भागात, मथुरा रोडला लागून. एका बाजूला हुमायूनचा मकबरा, दुसऱ्या बाजूला सुंदर नर्सरी हे ऐतिहासिक उद्यान आणि रस्त्यापलीकडे सूफी संत निजामुद्दीन औलियांचा दर्गा. या तिन्हींच्या मधोमध ही जागा आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग आणि आगा खान ट्रस्ट फॉर कल्चर यांनी मिळून ते उभारलं. पायाभरणी २०१५ मध्ये झाली आणि २९ जुलै २०२४ ला उद्घाटन. क्षेत्रफळ साधारण १ लाख चौरस फूट. प्रदर्शनातल्या बऱ्याच मौल्यवान वस्तू दिल्लीच्याच राष्ट्रीय संग्रहालयाच्या आणि पुरातत्त्व विभागाच्या संग्रहातून आल्या आहेत.

ते जमिनीखाली का बांधलं?

शेजारी १९९३ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेली वास्तू आहे. तिच्यासमोर दोन-तीन मजली इमारत उठवली असती, तर मकबऱ्याचं दर्शनच झाकलं गेलं असतं. म्हणून वास्तुविशारदांनी उत्तर भारतातल्या बावड्यांचा, म्हणजे आपल्याकडच्या बारवांचा धडा घेतला. उतरत्या वाटेनं तुम्ही हळूहळू खाली जाता, डोळ्यांवरचं ऊन कमी होतं आणि दालनं सुरू होतात. जवळच निजामुद्दीन दर्ग्याची चौदाव्या शतकातली बावडी आजही पाणी धरून आहे, त्यामुळे ही कल्पना त्या मातीतलीच. दिल्लीच्या मे-जून महिन्यांत हा निर्णय किती शहाणपणाचा होता, ते अंगाला कळतं.

मकबरा तर बघणारच आहोत. मग संग्रहालय वेगळं कशाला?

कारण मकबरा इतका मोठा आहे की तो कसा घडला, ते खालून दिसत नाही. घुमटाची उंची जमिनीपासून ४२ मीटरच्या पुढे जाते. तिथली फरशी, कळसाचे सांधे, जाळीची कोर, छत्र्यांवरच्या, म्हणजे छतावरच्या छोट्या घुमटीदार मंडपांवरच्या, निळ्या-हिरव्या टाइल्स हे सगळं कारागिरांनी हातानं केलेलं काम. आपण मात्र खाली उभे राहून मान वर करतो, फोटो काढतो आणि निघतो. संग्रहालयात तेच काम डोळ्यांच्या पातळीवर येतं. आधी खाली उतरून हात बघा, मग वर जाऊन वास्तू बघा, एवढंच माझं प्रत्येकाला सांगणं असतं. क्रम उलटा केलात तर अर्धी गंमत जाते.

तिथली एकच वस्तू बघायची झाली तर कुठली?

कळस. ३० मे २०१४ ला दिल्लीत मोठं वादळ आलं आणि मकबऱ्याच्या घुमटावरचा कळस कोसळला. सुमारे १८ फूट उंचीचा हा कळस आतून साल लाकडाच्या खांबाला धरून होता आणि त्या खांबावर तांब्याची ११ भांडी एकावर एक ओवलेली होती. सगळं तांबं मिळून ३०० किलोच्या आसपास. नव्यानं घडवलेला, सोन्याचा मुलामा दिलेला कळस २०१६ मध्ये घुमटावर चढवला गेला आणि मूळ कळस आता संग्रहालयात उभा आहे.

त्याच्याजवळ जरा थांबा. तांब्याच्या पत्र्यावर ठोके कसे पडलेत, फुगीर भाग कुठे अरुंद होतो, एक भांडं दुसऱ्यात कसं बसतं, ते बघा. पुण्यातल्या तांबट आळीत हातोड्याखाली हंडे घडताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे काम लगेच ओळखू येईल. बादशहाच्या थडग्याचं टोक तांबटांनी घडवलं होतं आणि त्यांच्यापैकी एकाचंही नाव आपल्यापर्यंत पोहोचलेलं नाही. मला हे दालन सगळ्यात जास्त आवडतं ते यासाठी.

हुमायून म्हणजे पायऱ्यांवरून पडून वारलेला बादशहा ना? त्याच्यात एवढं काय आहे?

शाळेच्या इतिहासात त्याच्या वाट्याला दोनच ओळी येतात: शेरशाहनं हरवलं आणि जिन्यावरून पडला. दोन्ही खऱ्या आहेत. १५३९ मध्ये चौसाला आणि १५४० मध्ये कनौजला तो हरला, राज्य गेलं. वाळवंटातून पळत असताना १५४२ मध्ये उमरकोटला अकबराचा जन्म झाला. पुढे तो इराणला शाह तहमास्पच्या आश्रयाला गेला आणि तब्बल पंधरा वर्षांनी, १५५५ मध्ये, दिल्ली परत मिळवली. जानेवारी १५५६ मध्ये पुराना किल्ल्यातल्या शेर मंडल या आपल्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवरून तो पडला आणि त्यातच गेला.

पण संग्रहालयातला हुमायून या दोन ओळींपलीकडचा आहे. त्याला खगोलशास्त्राचं वेड होतं. आठवड्याच्या प्रत्येक वारासाठी त्या वाराच्या ग्रहाच्या रंगाचे कपडे तो घालायचा आणि दरबाराची कामंही त्या हिशोबानं वाटलेली होती. चौसाच्या लढाईनंतर गंगेत बुडताना निजाम नावाच्या भिश्त्यानं पखालीच्या आधारानं त्याला वाचवलं, आणि दिलेल्या शब्दाखातर हुमायूननं त्या पाणक्याला थोड्या वेळासाठी सिंहासनावर बसवलं. त्याच्या या भटक्या आयुष्याचं वर्णन बहीण गुलबदन बेगम हिनं लिहून ठेवलं. सोळाव्या शतकातल्या एका राजघराण्यातल्या बाईनं स्वतःच्या शब्दांत लिहिलेली घरची हकिकत आज हाती आहे, हे मला विशेष वाटतं.

आणि कलेच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इराणहून परतताना त्यानं तिथले चित्रकार जोडले. मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद हे दोघे काबूलला त्याच्याकडे आले. मुघल चित्रशैलीची सुरुवात तिथून होते. राज्य हातात नसताना त्यानं चित्रशाळेची तजवीज केली.

लघुचित्रं सगळी सारखीच दिसतात. बघायचं काय त्यात?

हा प्रश्न लोक जरा ओशाळून विचारतात, पण रास्त आहे. दालनात उजेड मंद असतो, चित्र तळहाताएवढं, आणि मागे रांग. म्हणून तीनच गोष्टींकडे लक्ष द्या.

पहिली, कागद. एकावर एक कागद चिकटवून जाड पाट तयार करायचा आणि अकीकाच्या गुळगुळीत खड्यानं तो घोटून घोटून असा करायचा की कुंचला अडखळता कामा नये. रंग लावून झाला की पुन्हा घोटाई. बाजूनं तिरकं बघितलंत तर पृष्ठभागाची चमक दिसेल.

दुसरी, रंग. गडद निळा दिसला की तो बहुधा लाजवर्द, अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतला दगड कुटून केलेला. लालभडक म्हणजे हिंगूळ. सोनं वर्खाच्या रूपात नव्हे, तर खलून रंगासारखं कुंचल्यानं लावलेलं. आणि कुंचला खारीच्या शेपटीच्या केसांचा. दाढीचा एकेक केस, घोड्याच्या खोगिराखालच्या गालिच्याची वीण, झाडाच्या पानांच्या शिरा त्यानंच आल्या आहेत.

तिसरी, एका चित्रात किती हात आहेत. अकबराच्या चित्रशाळेत एक जण रेखाटन करी, दुसरा रंग भरी आणि चेहरे करायला तिसराच माणूस असे. बरीचशी चित्रं अशी जोडकामातून झाली. या चित्रशाळेत इराणी उस्तादांच्या हाताखाली इथलेच तरुण शिकले. त्यातला दसवंत हा पालखी वाहणाऱ्या कहाराचा मुलगा. भिंतींवर चित्रं काढत असायचा, अकबराच्या नजरेस पडला आणि अब्दुस्समदच्या हाताखाली गेला, असं अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फजलनं नोंदवलं आहे. बसावन, केशव, लाल, मुकुंद ही नावंही त्याच यादीत आहेत. मुघल चित्रकला कुणाची, असा वाद ज्यांना घालायचा असेल त्यांनी आधी ही नावं वाचावीत.

मंद उजेडाची तक्रार करू नका. कागद आणि कापड यांना प्रकाश सोसत नाही, रंग उडतात आणि ते परत येत नाहीत. जगभरातली संग्रहालयं अशा वस्तूंसाठी उजेड साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास ठेवतात. डोळ्यांना दोन मिनिटं सरावू द्या, मग सगळं दिसतं. फ्लॅश मात्र कधीही मारू नका.

हुमायूनच्या संग्रहालयात निजामुद्दीन औलिया, अमीर खुसरो, रहीम आणि दारा शुकोह कशासाठी?

चौघंही याच परिसरातले. निजामुद्दीन औलिया आणि त्यांचे शिष्य अमीर खुसरो दोघेही १३२५ मध्ये वारले आणि रस्त्यापलीकडच्या दर्ग्यात शेजारी शेजारी आहेत. हुमायूनच्या मकबऱ्यासाठी ही जागा निवडली गेली त्यामागेही औलियांच्या सान्निध्याचीच ओढ होती. इथली सगळी थडगी त्या दर्ग्याभोवती जमलेली आहेत.

रहीम, म्हणजे अब्दुर्रहीम खानखानान, हा बैराम खानाचा मुलगा आणि अकबराचा सेनापती. हिंदीच्या पुस्तकात ज्याचे दोहे आपण पाठ केले तोच. बाबराच्या आठवणी तुर्कीतून फारसीत आणणाराही हाच. बायको माहबानू १५९८ मध्ये गेली तेव्हा त्यानं तिच्यासाठी जवळच मकबरा बांधला आणि पुढे स्वतःही तिथेच विसावला. अठराव्या शतकात त्या इमारतीचा संगमरवर काढून सफदरजंगच्या मकबऱ्याला लावला गेला. मथुरा रोडवरून जाताना तो खरवडलेला घुमट दिसतो. अलीकडे त्याचं मोठं जतनकाम झालं आहे, तेव्हा वाट वाकडी करून जरूर बघा.

दारा शुकोह हा शाहजहानचा थोरला मुलगा, औरंगजेबाचा भाऊ. त्यानं काशीच्या पंडितांना सोबत घेऊन ५० उपनिषदं फारसीत आणली, १६५७ मध्ये. त्याच अनुवादावरून पुढे लॅटिन भाषांतर झालं आणि युरोपातल्या तत्त्वज्ञांच्या हाती उपनिषदं पडली. संस्कृत ग्रंथांचे फारसी अनुवाद हा संग्रहालयातला एक महत्त्वाचा धागा आहे.

दाराची कबर खरंच इथे आहे का? कुठली?

आहे, पण कुठली ते नावानिशी लिहिलेलं नाही. औरंगजेबानं १६५९ मध्ये त्याला ठार मारलं आणि हुमायूनच्या मकबऱ्यात पुरलं. मकबऱ्यात आणि चौथऱ्यावर मिळून दीडशेच्या आसपास कबरी आहेत आणि बहुतेकांवर नाव नाही. समकालीन फारसी नोंदीत एवढं येतं की अकबराचे मुलगे मुराद आणि दानियाल जिथे आहेत, त्याच घुमटाखाली दाराला ठेवलं. २०२० मध्ये केंद्र सरकारनं ही कबर शोधायला पुरातत्त्व तज्ज्ञांची समिती नेमली होती.

आपल्यासाठी एक गोष्ट इथे लक्षात ठेवण्याजोगी. मुराद आणि दानियाल हे दोघेही अकबराच्या दख्खन मोहिमेतच संपले. मुराद १५९९ मध्ये मोहिमेवर असताना गेला, दानियाल नंतर बुऱ्हाणपुरात. अहमदनगरच्या तटावर चांदबिबीनं ज्या मुरादला रोखून धरलं, तो या घुमटाखाली आहे.

मराठी माणसानं मुघलांचं संग्रहालय का बघावं? आपण तर त्यांच्याशी लढलो.

लढलो, आणि त्याचा अभिमान बाळगायलाच हवा. दिल्लीच्या सत्तेपुढे न झुकलेल्या माणसांचे आपण वारस आहोत. पण ज्याच्याशी दीडशे वर्षं झुंज घेतली तो कोण होता, त्याच्याकडे काय होतं, तो काय करू शकत होता, हे जाणल्याशिवाय त्या झुंजीचं मोलही पुरतं कळत नाही. महाराजांनी आग्र्याला जो दरबार पाहिला, ज्याच्या तोंडावर रोष दाखवून ते बाहेर पडले, त्या दरबाराचा थाट कसा होता, ते इथली शस्त्रं, वस्त्रं आणि धातूची भांडी बघताना समजतं.

दुसरं असं की कला सैन्याबरोबर परत जात नाही. पेशवेकालीन वाड्यांतले सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब, महिरपी कमानी, चौकातलं कारंजं हे सगळं याच परंपरेतून आपल्याकडे आलं आणि आपल्या सुतारांनी ते सागवानात उतरवलं. आपल्या कारागिरांनी ते आपलंसं केलं, यात कमीपणा कसला?

शिवाय या इमारतींना हात लागले ते इथल्या पाथरवटांचे, गवंड्यांचे, तांबटांचे. बादशहाचा राग त्यांच्या कामावर काढू नये, असं मला मनापासून वाटतं.

या परिसराचा मराठ्यांच्या इतिहासाशी थेट काही संबंध आहे का?

आहे, आणि तो गाइड सहसा सांगत नाहीत. १७१८-१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ मुघल सरदार सय्यद हुसेन अलीबरोबर मराठी फौज घेऊन दिल्लीत आले. तेव्हा बादशहा होता फर्रुखसियर. फेब्रुवारी १७१९ मध्ये हुसेन अली आणि त्याचा भाऊ, म्हणजे सय्यद बंधूंनी, फर्रुखसियरला पदच्युत केलं, पुढे मारलं. त्या धुमाळीत दिल्लीच्या रस्त्यांवर आपलेही शेकडो लोक पडले. बाळाजी विश्वनाथ परतले ते स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन, आणि कितीतरी वर्षं मुघलांच्या कैदेत असलेल्या येसूबाईंची सुटकाही याच मोहिमेत झाली. तो फर्रुखसियर या मकबऱ्यात पुरलेला आहे.

दुसरा आलमगीर बादशहाही इथेच आहे. त्याचा खून १७५९ च्या नोव्हेंबरात त्याच्याच वजिरानं घडवला. पुढच्याच वर्षी सदाशिवरावभाऊ दिल्लीत दाखल झाले आणि त्यानंतर पानिपत. या आलमगिराचा मुलगा शाह आलम, ज्याला १७७२ मध्ये महादजी शिंद्यांच्या फौजेनं दिल्लीच्या तख्तावर आणून बसवलं. पानिपतानंतर अकरा वर्षांत मराठे दिल्लीत परत उभे राहिले होते. मकबऱ्याच्या चौथऱ्यावर या नावांसकट उभं राहिलात की जागा वेगळी वाटते.

मकबरा नेमका कुणी बांधला? अकबरानं की बेगमनं?

काम अकबराच्या काळात, १५६५ च्या सुमारास सुरू झालं आणि १५७२ पर्यंत पुरं झालं. देखरेख हुमायूनची पत्नी बेगा बेगम, म्हणजेच हाजी बेगम, हिची असल्याचं परंपरेनं मानलं जातं. वास्तुविशारद मिराक मिर्झा गियास. ताजमहालाचं काम सुरू व्हायला त्यानंतर साठ वर्षं होती, हे ध्यानात ठेवून बघा.

मकबऱ्यात सगळं एवढं चकाचक दिसतं, मग हे जुनं आहे की नवं केलेलं?

जुनं आहे, पण मधल्या काळातली चुकीची डागडुजी काढून टाकलेलं. विसाव्या शतकात गळती थांबवायला छतावर सिमेंट काँक्रीटचे थरावर थर टाकले गेले होते. चुन्याच्या इमारतीला सिमेंट मानवत नाही, कारण ते ओल आत कोंडून ठेवतं आणि दगड, गिलावा सडवतं. २००७ नंतरच्या जतनकामात छतावरून सुमारे १० लाख किलो काँक्रीट उतरवलं गेलं. यंत्रं लावली तर हादरे बसतील, म्हणून ते हातांनीच फोडावं लागलं. त्याजागी चुन्याचा गिलावा आला, ज्यात जुन्या पद्धतीप्रमाणे गूळ आणि बेलफळाचा गर यांसारख्या गोष्टी मिसळतात.

टाइल्सची कहाणी याहून सुंदर आहे. छत्र्यांवरच्या रंगीत टाइल्स करायची कला दिल्लीतून पार नाहीशी झालेली होती. उझबेकिस्तानातून कारागीर बोलावले गेले, त्यांनी निजामुद्दीन बस्तीतल्या तरुणांना शिकवलं, आणि बरेच प्रयोग केल्यावर जुन्याच्या तोडीची टाइल हाती आली. दगडाचा, चुन्याचा, टाइलचा असा सगळा मिळून कुशल कारागिरांचा दोन लाख मनुष्यदिवसांचा रोजगार या कामानं दिला. जुन्या मूळ टाइल्स मात्र जिथे होत्या तिथेच ठेवल्या आहेत.

बागेतही तेच. चारबागेचे चार मोठे चौक आणि प्रत्येकाचे पुन्हा नऊ, असे ३६ वाफे. त्यांतून जाणाऱ्या पाटांना उतार किती? दर ४० मीटरला एक सेंटिमीटर. एवढ्या उतारावर पाणी वाहतं ठेवायचं, म्हणजे गवंड्याची पातळी कशी असेल बघा.

१८५७ आणि १९४७ शी या जागेचा संबंध काय?

बहादूरशाह जफर सप्टेंबर १८५७ मध्ये दिल्ली पडल्यावर इथेच आश्रयाला आला आणि कॅप्टन हडसननं त्याला इथूनच पकडलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या दोन मुलांना आणि एका नातवाला हडसननं गोळ्या घातल्या. फाळणीच्या वेळी या बागेत निर्वासितांची मोठी छावणी होती. आज ज्या हिरवळीवर आपण बसतो तिथे तेव्हा तंबू होते.

मुलं कंटाळतील का?

शोधायला काहीतरी दिलं तर नाही. मकबऱ्याच्या कमानींवर सहा कोनांचे तारे आहेत, ते मोजायला सांगा. बागेच्या आग्नेय कोपऱ्यात नाई का गुंबद नावाचा छोटा मकबरा आहे, शाही न्हाव्याचा म्हणून ओळखला जाणारा, तो शोधायला लावा. संग्रहालयात इमारतींच्या प्रतिकृती आणि कळस त्यांना धरून ठेवतात. भिश्त्याची गोष्ट आधी सांगून ठेवलीत तर हुमायून त्यांच्या चांगला लक्षात राहतो.

आई-वडील थकलेले आहेत, त्यांना जमेल का?

संग्रहालय जमेल, कारण आत उताराच्या वाटेनं जाता येतं. मकबऱ्याचा चौथरा मात्र सुमारे ७ मीटर उंच आहे आणि त्याच्या पायऱ्या उभ्या, उंच टप्प्यांच्या. गुडघे दुखणाऱ्यांनी खाली बागेत बसावं, तिथूनही दर्शन छान होतं. परत उतरताना हात धरायला कुणीतरी सोबत असू द्या.

किती वेळ ठेवावा?

अर्धा दिवस. मकबऱ्याला दीड तास आणि संग्रहालयाला तेवढाच, यापेक्षा कमी वेळ असेल तर घाई होते. दुपारच्या उन्हात संग्रहालय, ऊन उतरल्यावर मकबरा. संध्याकाळी लाल दगड आणि पांढरा संगमरवर यांचा रंग सगळ्यात खुलतो. आत शिरताना उजव्या हाताला ईसा खानाचा अष्टकोनी मकबरा लागतो, १५४७ चा, म्हणजे हुमायूनच्याही आधीचा. घाईत तो टाळू नका. भूमिगत वाटेनं सुंदर नर्सरीकडेही जाता येतं. गुरुवारची संध्याकाळ असेल तर दर्ग्यात कव्वाली ऐका, गर्दी असते पण ऐकण्यासारखी.

पोहोचायचं कसं? तिकिटाचं काय?

हजरत निजामुद्दीन रेल्वे स्टेशन अगदी जवळ आहे. मुंबईची ऑगस्ट क्रांती राजधानी आणि मिरज, पुणे, मनमाडवरून येणारी गोवा एक्सप्रेस तिथेच थांबतात, त्यामुळे बऱ्याच जणांना हा पहिला किंवा शेवटचा मुक्काम करता येतो. मेट्रोनं यायचं तर जवाहरलाल नेहरू स्टेडियम स्टेशनवर उतरून रिक्षा करा. मकबरा आणि संग्रहालय यांचं तिकीट, वेळ आणि सुट्टीचा वार निघण्याआधी पुरातत्त्व विभागाच्या संकेतस्थळावर बघून घ्या. ऑनलाइन काढलंत तर खिडकीवरची रांग वाचते.

आग्र्याला होणारं ‘मुघल म्युझियम’ ते हेच का?

नाही. ते ताजमहालाच्या पूर्व दरवाजाजवळचं, उत्तर प्रदेश सरकारचं वेगळं काम. सप्टेंबर २०२० मध्ये त्याला छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव देण्याची घोषणा झाली, म्हणून आपल्याकडे ते जास्त चर्चेत आलं. दिल्लीच्या या संग्रहालयाशी त्याचा संबंध नाही.

दिल्लीला जाणं सध्या शक्य नाही. महाराष्ट्रात यातलं काय बघता येईल?

बरंच काही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराचं पोलादी चिलखत आणि ढाल आहे, शिवाय पंचतंत्राच्या फारसी अवताराचं अकबराच्या चित्रशाळेत रंगवलेलं हस्तलिखितही त्यांच्या संग्रहात आहे. लघुचित्र बघायचा सराव तिथे छान होतो.

छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा तर याच घराण्यातला. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिच्यासाठी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो उभा राहिला. त्याला ताजची नक्कल म्हणून नाक मुरडायची आपल्याकडे सवय आहे, ती सोडून द्यावी. दारावर अताउल्ला आणि हंसपत राय ही घडवणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, ती आधी वाचा. मग भिंतीजवळ जा. खालचा पट्टा संगमरवराचा आणि वर चुन्याचा घोटीव गिलावा, असा जोड दिसेल. तो गिलावा इतका नितळ आहे की दुरून दगडच वाटावा, आणि त्यातली वेलबुट्टी ओल्या चुन्यात हातानं उठवलेली आहे. सकाळी लवकर गेलात तर तिरप्या उन्हात तिची प्रत्येक पाकळी वेगळी दिसते.